राजगड–तोरणा–रायगड: कुठे रांग, कुठे शुकशुकाट

राजगड झाला, तोरणाही झाला, आता एकदा तिन्ही गड सलग चालायचे असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. या वाटेबद्दल नवखी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. अंतर किती आणि अवघड किती? माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की कुठल्या टप्प्यावर किती माणसं भेटतील. पाणी किती उचलायचं, जेवण कुठे मिळेल, पथारी टाकायला जागा उरेल का, पाय मुरगळला तर हाक कुणाला मारायची, हे सगळं त्यावरच ठरतं.

चार दिवसांची ही वाट आहे. पहिल्या दिवशी धक्का लागल्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी अख्ख्या सकाळी एखादा गुराखी दिसला तर दिसला. हा फरक माहीत नसला की गर्दीच्या टप्प्यावर वेळ वाया जातो आणि रिकाम्या टप्प्यावर पाणी संपतं. दोन्ही मी पाहिलंय.

आधी: गर्दी कुठून येते ते ओळखा

पुण्याहून साठेक किलोमीटरवर राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे. पहाटे निघालेली गाडी साडेसात-आठला तिथे पोचते, माणसं दहाच्या सुमारास गडावर, बारा-एकपर्यंत बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यात उंच भाग, तीनला परतीची वाट आणि रात्री घरी. मुंबईच्या बस रात्री निघतात आणि पहाटे चारलाच पायथ्याशी लागतात. त्यांची लाट अंधारातच वर सरकते. म्हणजे रविवारी राजगडावर दोन लाटा येतात आणि दुपारी दोन्ही मिळून एकदम खाली उतरतात.

यातली खरी मेख अशी, की ज्याची गाडी गुंजवण्यात उभी आहे त्याला परत गुंजवण्यातच यायचंय. तो संजीवनी माचीच्या (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी) टोकापर्यंत जाईल, फोटो काढेल आणि मागे फिरेल. अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याची वाट धरणं त्याला परवडत नाही. तोरण्यावरही तेच. गाडी पायथ्याच्या वेल्ह्यात, त्यामुळे झुंजार किंवा बुधला माची पाहून माणूस वेल्ह्यातच उतरतो. एकदा हे ध्यानात आलं की नकाशा न उघडताही सांगता येतं कुठे गर्दी असेल. डांबरी रस्त्यापासून निघून त्याच रस्त्यावर एका दिवसात परतता येतं तिथे माणसं, आणि जिथून पुढे गेलं की मागे फिरता येत नाही तिथे शुकशुकाट.

म्हणूनच ही वाट करायची तर स्वतःची गाडी घेऊन येऊ नका. एसटी आणि जीप यांवरच भिस्त ठेवा. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरा, मार्गासनीला उतरा, पुढे मिळेल ते वाहन. चार दिवसांनी घाट उतरून कोकणात पोचणार आहात, गाडी आणायला परत घाटावर कोण जाणार?

दिवस निवडा, मग महिना

बरेच जण शनिवारी सकाळी सुरुवात करतात. या वाटेसाठी ती सगळ्यात वाईट वेळ. राजगड शनिवारी, तोरणा रविवारी, म्हणजे दोन्ही गड ऐन गर्दीत पदरात पडतात.

मला पटलेली पद्धत अशी. रविवारी दुपारी निघायचं. बाकीचे उतरत असताना आपण चढायचं आणि संध्याकाळी पद्मावती माचीवर पोचायचं. सोमवारी तोरणा, मंगळवारी घाटमाथ्यावरचं मोहरी गाव, बुधवारी घाट उतरून रायगडाच्या पायथ्याचं पाचाड, गुरुवारी सकाळी रायगड बघून परत. सुट्ट्या चार जातात, पण चारही दिवस वाट तुमची असते. तेवढ्या सुट्ट्या मिळत नसतील तर शुक्रवारी पहाटे सुरुवात करून मंगळवारी रायगड. यात शनिवारची रात्र तोरण्यावर येते आणि त्या रात्री गडावरच्या मेंगाईच्या देवळात जागा मिळेलच असं नाही. तेव्हा तंबू जवळ असू द्या.

महिन्याचं म्हणाल तर पावसाळ्यात तिन्ही गड सलग करू नका. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी राजगडावर सगळ्यात जास्त माणसं असतात, आणि त्याच दिवसांत पुढच्या घाटातल्या नाळा, म्हणजे उतरायच्या उभ्या घळी, धबधब्यासारख्या वाहत असतात. म्हणजे पहिला टप्पा तुडुंब आणि तिसरा जीवघेणा. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत असतं, कारवी माजलेली असते, न मळलेल्या वाटा त्यात हरवतात. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसतं, ढोरवाटा उघड्या पडतात. तीच योग्य वेळ. फेब्रुवारीनंतर गडांवरची पाण्याची टाकी आटू लागतात.

काही तारखा मात्र टाळाच. नाताळचा आठवडा, 31 डिसेंबर, 26 जानेवारीला जोडून आलेली सुट्टी. 19 फेब्रुवारीच्या आदल्या रात्री शिवज्योत न्यायला गावोगावची पोरं गडावर येतात. तो सोहळा आवर्जून पाहावा, पण पाठीवर चार दिवसांची सॅक घेऊन नाही. रायगडासाठी आणखी तीन दिवस लक्षात ठेवा: 6 जूनचा राज्याभिषेक दिन, तिथीनं येणारी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि पुण्यतिथीची चैत्र पौर्णिमा. पौर्णिमेच्या आसपासचा कुठलाही शनिवार राजगडावर रात्रीच्या ट्रेकवाल्यांनी भरलेला असतो, हेही नव्यांना ठाऊक नसतं.

पहिला टप्पा: राजगड

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात राजगड आणि रायगड आहेत. त्याआधीही राजगडावर गर्दी होतीच, पण आता पहिल्यांदाच गड चढणारी माणसं जास्त दिसतात. ते चांगलंच आहे. फक्त अनोळखी पाय अरुंद जागी थबकतात आणि मागे रांग लागते, हे धरून चालायचं.

गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट आहे. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा, बाजूला लोखंडी रेलिंग, एका वेळी एकच माणूस. एका ऑगस्टच्या रविवारी मी तिथे सव्वा तास उभा होतो. वरून उतरणारे, खालून चढणारे, दोघांनाही तेच रेलिंग. माझ्या पुढे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, पायात पावसाळी चपला. त्याचे वडील एका हातानं रेलिंग आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरून उभे. रेलिंग इतकं थंड आणि ओलं, की पोरगा दर मिनिटाला हात सोडून शर्टाला पुसायचा. त्यानं हात सोडला की माझ्या पोटात गोळा यायचा. शेवटी वरच्या एकानं उतरणाऱ्यांना थांबवलं, ‘आधी वीस जण वर येऊ द्या, मग वीस खाली,’ असं ओरडून सांगितलं आणि दहा मिनिटांत गुंता सुटला. अशी वेळ आली तर कुणीतरी पुढाकार घ्यावाच लागतो. तुम्ही घ्या.

त्यापेक्षा ती वाटच टाळा. वाजेघर-पालीकडून येणारी पाली दरवाजाची वाट रुंद आहे, पायऱ्यांची आहे. हा राजमार्गच होता. समोरून माणसं आली तरी दोघं सहज जातात. पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन रविवारी दुपारी चढायचं तर हीच वाट.

वर पोचलात की पद्मावती माची. तलाव, देऊळ, सईबाईंची समाधी, सगळं याच माचीवर, म्हणून गर्दीही इथेच साचते. सुवेळा माचीवर नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, बरेच जण जातात, तिथे फोटोसाठी थांबावं लागतं. बालेकिल्ल्याची वाट चोर दरवाजासारखीच अरुंद आणि उभी. तिथे सकाळी आठच्या आत किंवा दुपारी तीननंतर जा. मधल्या वेळात उन्हात रांगेत उभं राहून अंगातलं पाणी तेवढं कमी होतं. शिवाय बालेकिल्ल्याच्या कड्याला आग्यामोहोळं असतात. माणसं जास्त, आरडाओरडा जास्त, कुणीतरी अत्तर मारून आलेलं, कुणी सिगारेट पेटवलेली. माश्या उठल्या तर त्या अरुंद वाटेवर पळायला जागा नाही. पोळं दिसलं तर आवाज बंद ठेवून पुढे सरका, धूर करणाऱ्याला स्पष्ट थांबवा.

मुक्कामाचं पायथ्याच्या गावातच विचारून घ्या. गडावर रात्री राहण्याबद्दल पुरातत्त्व खात्याचे नियम वेळोवेळी बदलतात आणि ते पाळायलाच हवेत. परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावात घरगुती सोय होते. मग पहाटे साडेचारला चढायला लागायचं.

अळू दरवाजाच्या बाहेर

संजीवनी माची अडीच किलोमीटर लांब. सकाळी सातला तिच्यावरून चालायला लागलात तर पहिल्या बुरुजापर्यंत चार-दोन माणसं, दुसऱ्यापर्यंत एखाददुसरं. अळू दरवाजातून बाहेर पाऊल टाकलं की मागचा गलका कापल्यासारखा थांबतो. इथे माझ्याबरोबरच्या नव्या माणसाला मी नेहमी पाच मिनिटं बसवतो. पाणी मोजायला सांगतो. इथून पुढे लिंबू सरबतवाला नाही.

राजगड ते तोरणा ही डोंगरधार ओझ्यासह सहा-सात तासांची. माणसं भेटतात ती बहुतेक तुमच्यासारखीच, जोडगड करणारी. थंडीतल्या शनिवारी दोन-चार गट, अधल्यामधल्या दिवशी कुणीच नाही. धार उतरून आलं की एक डांबरी रस्ता आडवा जातो. ज्याला पुढचं झेपणार नाही त्यानं इथेच ठरवावं. थांबलं तर वेल्ह्याकडे जाणारं वाहन मिळतं. पुढे तोरण्याच्या चढाला लागलं की सुटका नाही.

रस्त्यापलीकडे धनगरांची घरं आहेत. एका घरातल्या आजींकडे मी तीन वेळा ताक प्यायलोय. पितळी तांब्यात, वर मीठ आणि वाटलेलं जिरं. शेवटच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘शनवार-ऐतवार कोन ना कोन येतं. सोमवारी ताक केलं तर ते आमीच प्यायचं.’ याचा अर्थ नव्या माणसानं नीट घ्यावा. अधल्यामधल्या दिवशी जाताय तर या वाटेवर ताक, सरबत, भाकरी असं काहीही मिळेल हे गृहीत धरू नका. तीन लिटर पाणी राजगडावरूनच भरून निघा. आणि मिळालं तर पैसे मोजून द्या, घासाघीस करू नका.

दुसरा टप्पा: तोरणा

तुम्ही बुधला माचीच्या बाजूनं चढताय आणि गर्दी वेल्ह्याच्या बाजूनं. हा तुमचा मोठा फायदा. बुधल्याकडच्या शेवटच्या कातळटप्प्यावर बहुधा एकटेच असता, दुपारी तीनच्या सुमारास कोकण दरवाजातून आत येता आणि तोवर वेल्ह्याची मंडळी परतीच्या वाटेवर असतात.

वेल्ह्याकडची वाट नुसती माहीत असू द्या. शेवटी रेलिंग लावलेला उभा कातळ, मग बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा. पावसाळी रविवारी तिथे चोर दरवाजासारखीच कोंडी होते. कुणाची तब्येत बिघडली आणि तिथूनच उतरावं लागलं तर दुपारी एक ते चारची वेळ टाळून उतरवा.

1403 मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच, आणि रात्री वाराही तसाच. मेंगाईचं देऊळ हाच मुक्काम. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून घ्या आणि उद्यासाठी माणशी चार लिटर भरूनच झोपा.

तिसरा टप्पा: तोरणा ते मोहरी, जिथे कुणीच नसतं

या टप्प्यासाठीच मी ही वाट पुन्हा पुन्हा करतो आणि या टप्प्यासाठीच नव्या माणसाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आठ-नऊ तास सहज लागतात. वाट मळलेली नाही. ती गुरांनी केलेली आहे, आणि गुरं मोहरीला निघालेली नसतात. दर अर्ध्या तासाला फाटा फुटतो. पहिल्यांदा मी डावीकडची ठळक वाट धरली, कारण ती जास्त वापरातली दिसली. तासाभरानं ती एका पाणवठ्यावर जाऊन संपली. तिथे खुरांचा चिखल होता, पुढे काही नाही. परत वर चढेस्तोवर बरोबरच्या दोघांचं पाणी संपलं होतं.

गर्दीच्या वाटेवर ठळक वाट म्हणजे बरोबर वाट. इथे तसं नाही. म्हणून वाटाड्या घ्याच. वेल्ह्यात किंवा आसपासच्या वाड्यांवर आदल्या दिवशी विचारलं तर माणूस मिळतो. त्याचा पूर्ण दिवसाचा रोज, परतीच्या दिवसाचाही, आधी ठरवा आणि जेवण तुमच्याबरोबर. मोबाइलला रेंज भरवशाची नाही, म्हणून निघायच्या आधी घरी सांगून ठेवा, की अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही. चारपेक्षा कमी जणांनी हा टप्पा करू नये असं माझं ठाम मत आहे. एकाला दुखापत झाली तर एकानं त्याच्याजवळ बसायचं आणि दोघांनी मदतीला जायचं.

मोहरी म्हणजे थोडीशी घरं. पिठलं-भाकरी, चुलीजवळ ऊब, झोपायला ओसरी. पोचताच पाण्याचं विचारून घ्या. उन्हाळा जवळ आला की इथल्या बायकांना हंडा-हंडा पाणी लांबून आणावं लागतं. त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर हातपाय धुऊ नका, भांडी विसळू नका. अंघोळ एक दिवस राहिली तर राहू द्या.

इथे एक अपवाद आहे. मोहरीपर्यंत गाडी येते आणि जवळच रायलिंगचं पठार आहे, जिथून लिंगाण्याचा सुळका समोर उभा दिसतो. थंडीतल्या शनिवारी रात्री इथे रायलिंग पाहायला आलेले आणि लिंगाणा चढणारे गट उतरतात. दिवसभर एक माणूस दिसला नाही आणि संध्याकाळी गावात ओसरीला जागा नाही, असं होऊ शकतं. मंगळवारी पोचलात तर ही भानगडच नाही.

घाट उतरताना

मोहरीहून खाली उतरायला दोन वाटा नव्या माणसानं ध्यानात ठेवाव्यात. बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ. बोराट्याची नाळ म्हणजे धोंड्यांनी भरलेली उभी घळ, लिंगाणा आणि रायलिंगच्या मधून उतरणारी. लिंगाण्याचे गट शनिवार-रविवारी पहाटेच हिच्यातून जातात. नाळेत दहा माणसं म्हणजेही गर्दी, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्यावरच येतो, बाजूला व्हायला जागा नसते. तेव्हा आपलाच गट तीन-तीन जणांत तोडा. पहिले तिघं वळणाच्या आडोशाला पोचले की मगच पुढचे. दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडा, तो कितीही लहान असो. डोक्याला हेल्मेट असलं तर उत्तम.

सुट्टीच्या दिवशी, किंवा गटात कुणी पहिल्यांदाच घाट उतरतंय, तर सिंगापूरच्या नाळेनं जा. थोडं अंतर वाढेल, पण ती सोपी आहे. दोन्ही वाटा खाली दापोलीकडे नेतात. हे रत्नागिरीतलं दापोली नव्हे, लिंगाण्याच्या पायथ्याचं छोटं गाव. इथून पुढे काळ नदीचं खोरं, कोकणातलं दमट ऊन, आणि समोर रायगड. चालायला कंटाळवाणा पट्टा. दुपारी बारा ते तीन सावलीत बसा, संध्याकाळपर्यंत पाचाड गाठा. जिजाऊंची समाधी तिथेच आहे, तिथे शांतपणे बसायला संध्याकाळची वेळ चांगली.

शेवट रायगडावर

तीन दिवसांच्या शांततेनंतर रायगडाची गर्दी अंगावर येते, त्याची मनाची तयारी ठेवा. सुट्टीच्या दिवशी हिरकणीवाडीच्या रोपवेला मोठी रांग असते. तुम्ही चित दरवाजाकडून पायऱ्यांनी चढा. इतकं चालून आल्यावर दीड-दोन तासांची चढण पायांना जाणवतही नाही. सकाळी गडाचं दार उघडताच आत असाल असं बघा. पहिले दोन तास होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी जवळजवळ मोकळी मिळतात. टकमक टोक आधी करा, तिथली वाट अरुंद आणि नंतर तिथेही रांग.

डिसेंबर-जानेवारीत अधल्यामधल्या दिवशीही रायगड रिकामा नसतो, कारण शाळांच्या सहली. साडेदहाच्या सुमारास लाल एसट्या भरून पोरं येतात. मला ती गर्दी आवडते. एकदा समाधीपाशी पाचवी-सहावीतल्या मुलींची रांग होती, प्रत्येकीनं चपला काढून नीट जोडीनं लावलेल्या. बाईंनी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांचं दर्शन होईपर्यंत मी बाजूला सॅक टेकवून उभा राहिलो.

उतरल्यावर पाचाडहून महाडला जीप किंवा एसटी. तिथून मुंबईची वाहनं भरपूर. पुण्याला वरंध घाटानं जवळ, पण तो बऱ्याचदा दुरुस्तीसाठी किंवा दरडींमुळे बंद असतो, तेव्हा माणगाव-ताम्हिणीमार्गे जाणारी गाडी विचारा. दुपारी दोनच्या आत महाडला पोचलात तर रात्री जेवायला घरी.